जीपमधली ऊबपेटी

वाडेगुडा, ता. एटापल्ली
२७ नोव्हेंबर २०२३

चि. दामिनी,

गोकुळाबाईचा आशीर्वाद.

कागदावर लिहून राह्यली म्हणून हसू नको. इथी फोन लागाले शाळेमागच्या टेकडीवर चढा लागते, अन् चढलं तरी "हॅलो, हॅलो" यातच बोलणं सरते. अन् तसंही ऊबपेटीतला विजेचा बोर्ड तुह्याकडं पाठवाचाच होता. पावसाळा सरता सरता तुह्या कंपनीनं आमच्या संस्थेच्या जीपमधी नव्या लेकराले ऊब द्याची ही पेटी बसवली, तवा तू म्हणाली होती, "गोकुळाबाई, बिघडलं तं कोणाले हात लावू देऊ नका, सरळ मले पाठवा." म्हणून पाठवून राह्यली. आपला ड्रायव्हर कोलू यानं चार स्क्रू काढून बोर्ड रुमालात गुंडाळला अन् चंद्रपूरच्या बसच्या कंडक्टरजवळ दिला. तिथून कुरियरनं येईन.

झालं असं की मंगळवारी एका बाईले बाळासकट अहेरीच्या दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो. बाळ कमी दिवसाचं. पेटीत ठेवलं, हिरवा दिवा लागला, गरमही झाली. आलापल्लीच्या अलीकडं दिवा गेला. कोलूनं फ्यूज बदलला, तो बी गेला. आम्ही बाळाले तसंच नेलं. बाळ ठीक आहे, घरी बी गेलं. तू काळजी करू नको, फक्त लवकर दुरुस्त करून पाठव. थंडी पडाले लागली आहे.

गावी, सावलीले, गेली होती का? तुह्या आईच्या हातचा तलावातल्या मासोळीचा रस्सा आठवला का मले नर्स म्हणून मी राहे ती तुमच्या घरची भाड्याची खोली आठवते. तवा तू फ्रॉकवर होती अन् माहा रेडिओ खोलून बसली होती.

आणखी एक. कोलूच्या बायकोले, जैनीले, दिवस गेले आहेत. फेब्रुवारीत होईन.

तुही,
गोकुळाबाई


पुणे
८ डिसेंबर २०२३

प्रिय गोकुळाबाई,

नमस्कार. पार्सल मिळालं. रुमाल धुऊन ठेवला आहे, येईन तेव्हा आणीन.

बोर्ड उघडून पाहिला. गाडीतली वीज दिसते तितकी साधी नसते. बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण स्टार्टर फिरवला की वीज खाली बसते, इंजिन चालू झालं की चौदापर्यंत चढते, हॉर्न, वायपर, पंखा, जो तो तिला हिसके देतो. आणि पेटीला तर शांत, एकसारखी वीज हवी. म्हणून वीज बोर्डात शिरते तिथेच मी एक काळा, वाटाण्याएवढा भाग बसवला आहे. हिसका आला की तो अंगावर घेतो, पुढच्या नाजूक भागांपर्यंत जाऊ देत नाही. तुमच्या बोर्डात नेमका तोच जळून फुटला आहे, म्हणून मग फ्यूजही गेला.

असा तो जळण्याचं आमच्याकडे दिसणारं नेहमीचं कारण एकच. बॅटरीच्या वायरी उलट्या लागणं. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. गाडी सुरू होत नसेल तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायर टाकून सुरू करतात, त्या घाईत असं होतं. कोलूला जरा विचाराल का? रागवून नाही, नीट. त्याने तसं केलं असेल तर पुढे करू नये एवढंच.

सोबत नवीन बोर्ड पाठवते आहे. पहिल्यासारखाच आहे. चार स्क्रू आणि दोन जोड, कोलूला जमेल.

बाळ ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. म्हणजे फारसं अवघड गेलं नाही तर. इथे कामाची गडबड आहे. पेटीच्या कामाचे आमचे वरिष्ठ प्रवीण सर तुमची चौकशी करत होते.

तुमची,
दामिनी


वाडेगुडा
१९ डिसेंबर २०२३

दामिनी,

तुहं पत्र मी कोलूसमोर मोठ्यानं वाचलं. ते नव्हतं वाचाले पाहिजे. त्यानं जीपची चाबी टेबलावर ठेवली अन् बाहेर जाऊन उभा राह्यला. मी मागं गेली तं म्हणते, "बाई, मी उलटी वायर लावली असती तं तुमच्यापासून लपवली असती का? त्या पोरीले लिहा, मी आंधळा नाई. लाल अन् काळं मले दिसते."

दुसऱ्या दिवशी चाबी उचलली त्यानं, पण हसणं बंद आहे.

तू लिहिलं की फारसं अवघड गेलं नाई. ते माह्यामुळं. तुले घाबरवाचं नव्हतं म्हणून मी थोडक्यात लिहिलं. आता खरं सांगते. त्या दिवशी बाळाच्या आईचं रक्त थांबत नव्हतं. माहे दोन्ही हात तिच्या पोटावर होते, काढता येत नव्हते. अन् पेटी बंद पडली. बाळाचे ओठ निळे होऊन राह्यले होते अन् मी पाहून राह्यली होती, हात लावू शकत नव्हती. बाळाच्या आजीनं बाळाले लुगड्याच्या आत छातीशी धरलं. कोलूनं आपलं स्वेटर काढून मागं फेकलं अन् काचा लावून गाडी हाणली. अहेरीच्या डॉक्टरनं बाळ हातात घेतलं तवा ते रडत बी नव्हतं. वाचलं. पण तसं वाचणं मले परत पाहाचं नाई.

अन् कोलूचं तुले माहीत नाई. जैनीचं पहिलं लेकरू याच रस्त्यावर गेलं, थंडीतच, कमी दिवसाचं होतं. तवा पेटी नव्हती. जीप तोच चालवत होता. पेटी आली तवापासून तो ती रोज फडक्यानं पुसते. त्याले तू वायर उलटी लावली म्हणते.

तुहा नवीन बोर्ड त्यानंच बसवला. चालू आहे. अन् तुह्या पत्रानंतर तो इतका भेलेला आहे की पहिले महिन्यातून एकदा गाडी दाखवे, आता डिझेल भराले एटापल्लीले गेला का दरवेळी लटारूभाऊच्या गॅरेजात नेते. मी बी गेली होती परवा. लटारूभाऊ जुना मिस्त्री आहे. इंजिन चालू असतानाच त्यानं बॅटरीची वायर उपसून काढली, इंजिन तसंच चालू राह्यलं, अन् म्हणते, "पाहा बाई, डायनॅमो एकदम फिट. बंद पडला असता तं खराब समजलो असतो." दरवेळी असंच पाहते तो. म्हणजे गाडीत काही खोट नाई. खोट तुह्या पेटीत आहे, तिकडंच शोध.

रागावली नाई मी. पण थोडी रागावली.

गोकुळाबाई


पुणे
२६ डिसेंबर २०२३

गोकुळाबाई,

लटारूभाऊंना थांबवा. हे पत्र वाचून होण्याआधी कोलूला सांगा, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कोणीही काढायची नाही. तुमचं पत्र मिळाल्यावर तासाभरात मी एटापल्लीच्या तुमच्या संस्थेच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या अतुलभाऊंनी "निरोप देतो" म्हटलं, पण मला राहवलं नाही म्हणून हेही टाकते आहे.

कारण सापडलं. तुम्हीच लिहून पाठवलंत.

इंजिन चालू असताना डायनॅमो जोरात वीज बनवून बॅटरीत ओतत असतो. बॅटरी ती पिऊन घेते. अशा वेळी बॅटरी एकदम काढून घेतली तर ती वीज जाणार कुठे? ती गाडीच्या सगळ्या वायरींत उसळते. चौदाची सत्तर-ऐंशी होते. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात सगळं होऊन जातं. इंजिन चालूच राहतं, दिव्यांचा उजेड तेवढ्यापुरता वाढतो, कोणाला काही कळत नाही. पण माझा तो वाटाण्याएवढा भाग दरवेळी तो मार खातो. एकदा खाल्ला, दोनदा खाल्ला, आतून करपत गेला, आणि मग कधीतरी रस्त्यात मेला. जळालेला भाग उलट्या वायरीनेही तसाच दिसतो. मी नेहमीचं कारण धरलं आणि दुसरं विचारलंच नाही.

काल इथे टेबलावर करून पाहिलं. गाडीचा डायनॅमो मोटारीवर फिरवला, बॅटरी जोडली आणि वायर उपसली. पडद्यावरची रेघ अशी उभी चढली की मी मागे सरकले.

कोलूला सांगा, दामिनी चुकली. मी माझ्या तोंडाने सांगायला येईनच, पण तोवर तुम्ही सांगा, मोठ्यानं, आधीचं वाचलं तसंच.

लटारूभाऊंना मात्र दोष देऊ नका. जुन्या गाड्यांत ही तपासणी चालून जायची, त्यांत जळण्यासारखं काही नव्हतंच. त्यांच्यासाठी मी एक मीटर पाठवणार आहे. वायर न काढता दोन टोकं लावायची, चौदाच्या आसपास आकडा आला की डायनॅमो ठीक.

आता खरी भीतीची गोष्ट. कोलूने हल्ली दरवेळी गाडी दाखवली, म्हणजे सध्या पेटीत आहे तो बोर्डही आतून करपला असणार. हिरवा दिवा लागतो म्हणून त्याच्यावर विसंबू नका. नवा येईपर्यंत कोणाला न्यायचं झालं तर बाळाला छातीशी धरणारं एक माणूस जास्तीचं गाडीत घ्या.

आणि मीही तुमच्यापासून एक लपवलं. प्रवीण सरांनी तेव्हाच सांगितलं होतं, आणखी एक बोर्ड परत आला तर तुमच्या संस्थेच्या चारही जीपमधल्या पेट्या काढून आणायच्या. मी त्यांच्याकडून थोडे दिवस मागून घेतले आहेत. वायर उपसली तरी मरणार नाही असा बोर्ड बनवते. वायर कोणी मुद्दाम काढायलाच पाहिजे असं कुठे आहे? तुमच्या रस्त्यांवर ती नुसत्या हिसक्यानेही निघेल. ते मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, मी काय तिकडची नाही का, सावलीतच तर वाढले.

दामिनी


पुणे
११ जानेवारी २०२४

प्रिय गोकुळाबाई,

तुमचं उत्तर नाही. ऑफिसात फोन लागत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, तिकडून येणारं कोणी भेटलं नाही.

बोर्ड आज कुरियरने चंद्रपूरला निघाला. तिथून बसने येईल. या खेपेला मोठा आहे, कोलूला पेटीच्या मागची पट्टी वाकवावी लागेल. वाटाण्याच्या जागी चांगला सुपारीएवढा भाग आहे. त्याशिवाय वीज हद्दीबाहेर चढली की बोर्ड बाहेरचं दार बंदच करून घेतो आणि पेटी आतल्या छोट्या बॅटरीवर चालते. तेव्हा दिवा पिवळा होईल. पिवळा म्हणजे बिघाड नाही. पेटी स्वतःच्या जोरावर चालू आहे, आणि तासाभर चालेल. तेवढ्यात गाडी थांबवा, इंजिन बंद करा, मगच बॅटरीला हात लावा, वायर घट्ट करा आणि पुन्हा सुरू करा. हा क्रम चुकवू नका.

टेबलावर आम्ही इतक्यांदा वायर उपसली की प्रवीण सर म्हणाले, "आता पुरे, डायनॅमो रडेल." बोर्ड जिवंत राहिला. पण टेबल म्हणजे आलापल्लीचा रस्ता नव्हे.

जैनीला फेब्रुवारी म्हणालात ना? मग वेळ आहे. दोन ओळी तरी टाका.

दामिनी


वाडेगुडा
२३ जानेवारी २०२४

माही दामिनी,

पहिले एक ओळ वाच अन् मग बस. पोरगी झाली, पोरगी चांगली आहे, जैनी बी चांगली आहे.

आता बाकीचं सांगते.

तुहं डिसेंबरचं पत्र मिळालं होतं. अतुलभाऊचा निरोप त्याच्याही पहिले आला होता. मी कोलूले समोर बसवून मोठ्यानं वाचलं. "दामिनी चुकली" इथी आली तं त्यानं हात वर केला अन् म्हणला, "बाई, ते परत वाचा." मी परत वाचलं. तवा हसला. लिहाचं राहून गेलं माह्याकडून, लसीकरणाचे दिवस होते, गावोगाव फिरणं होतं.

तुहं दुसरं पत्र, बोर्ड अन् मीटर, सारे मंगळवारच्या बसनं आले. कोलू गाडी घेऊन लटारूभाऊकडं गेला. दोघांनी मिळून पट्टी वाकवली अन् बोर्ड बसवला. लटारूभाऊनं मीटर लावून पाह्यलं, आकडा आला, तं म्हणते, "चांगलं आहे. हात बी काळे होत नाई." वायर काढाची तपासणी सोडली त्यानं. मी त्याले दोष दिला नाई, तू म्हटलं होतं तसं.

अन् शुक्रवारी सकाळीच जैनीच्या पोटात दुखाले लागलं. फेब्रुवारीचं जानेवारीतच. उपकेंद्रात आणलं, तासाभरात मोकळी झाली. पोरगी लहान, एवढीशी, पण रडली. मंग जैनीले रक्त जाऊ लागलं. दामिनी, मले वाटलं हे सारं मी पहिले पाहून चुकली आहे. तोच रस्ता, तेच दोन हात माहे. जैनीची सासू होती, तिले म्हटलं, "माय, तुम्ही पेटीपाशी बसा. पेटी बंद पडली तं बाळ छातीशी घ्या." पोरीले पेटीत ठेवलं. हिरवा दिवा. कोलू आरशातून एकदा पाहे, एकदा रस्त्यावर.

नाल्याचा रपटा, तो ठेंगणा पूल, माहीत आहे ना, जिथी पाण्यानं सिमेंट खाल्लं आहे? तिथी असा गचका बसला की माहं डोकं वरच्या टपावर आपटलं. त्याच क्षणी गाडीच्या छतातला दिवा भक्कन पेटला अन् फुटला. काच माह्या पदरावर पडली. टेपमधून धूर निघाला.

कोलूनं मागं न पाहता विचारलं, "बाई, पेटी?"

मी पाह्यलं. दिवा पिवळा.

"चालू आहे," मी म्हटलं. "पिवळा झाला."

"पिवळा म्हणजे?"

"म्हणजे आपल्या जोरावर चालू आहे. दामिनीनं लिहिलं आहे. थांबव गाडी."

"थांबवली अन् परत सुरूच नाई झाली तं?"

"थांबव, कोलू. इंजिन बंद कर अन् मंगच बॅटरीले हात लाव."

तुले सांगते, त्याच्या जागी मी असती तं थांबवली नसती. मागं बायको पडलेली, लेकरू पेटीत, अन् गाडी तं चालूनच राह्यली होती. पण त्यानं ब्रेक मारला अन् चाबी फिरवली. सारं जंगल एकदम शांत झालं. फक्त पेटीतला लहानसा पंखा, घुर्रर्र. जैनीनं डोळे उघडून विचारलं, "थांबली काऊन?" सासूबाई पेटीवर हात ठेवून म्हणे, "गरम आहे गरम आहे," जसं तिले कोणी विचारून राह्यलं होतं.

बॅटरीच्या वायरीचं कडं तडकून निघालं होतं. कोलूनं ते परत बसवलं, ढिलं होतं तं फटीत खिळा ठोकला, दगडानं. आला, हात कपाळाले लावला, चाबी फिरवली. इंजिन लागलं. मी दिव्याकडंच पाहून राह्यली होती. पिवळा, पिवळा, अन् मंग हिरवा.

"झाला हिरवा," मी म्हटलं. त्यानं नाकानं एकदा जोरात ओढलं अन् गाडी काढली.

माहे हात जैनीच्या पोटावरून एकदा बी निघाले नाई. म्हणून ती आहे. अहेरीले तिले रक्ताची बाटली लावली. तिथली नर्स, दिव्या नावाची पोरगी, तिनं बाळाले पेटीतून काढलं, काखेत थर्मामीटर लावला अन् म्हणाली, "बाई, हिले तं काहीच थंडी नाई लागली. किती लांबून आणली?" मी गाव सांगतलं तं खरंच वाटे ना तिले.

संध्याकाळी जैनी शुद्धीवर येऊन बोलाले लागली तवा कोलू वरांड्यात भिंतीले टेकून बसला अन् तिथीच झोपला. तोंड उघडं, पाय पसरून. येणारे-जाणारे त्याले ओलांडून जात, कोणी उठवलं नाई. मी बी बाजूले बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या दवाखान्याच्या वरांड्यात बसून चहा गरम पिला.

कोलूनं लिहाले सांगतलं आहे, त्याच्याच शब्दात लिहिते: "बोर्डवाल्या बाईले जोहार. तुम्ही माह्यावर रागावल्या होत्या, मी तुमच्यावर रागावलो होतो, ते झालं. पोरगी पाहाले या."

गोकुळाबाई


पुणे
१ फेब्रुवारी २०२४

प्रिय गोकुळाबाई,

कुरियरवाल्याने कंपनीच्या फाटकावर पाकीट दिलं. पहिली ओळ वाचली आणि तुम्ही सांगितलं तशी बसले, तिथेच, फुटपाथच्या कडेला. बाकीचं तिथेच वाचून काढलं. रपट्यापाशी आले आणि डोळे वाहायला लागले. वॉचमनकाका धावत आले, "काय झालं, ताई?"

मी म्हटलं, "काही नाही झालं, काका."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मी परत म्हटलं, "अहो, खरंच काही झालं नाही! वायर निघाली, दिवा फुटला, टेप जळला आणि पोरीला काही म्हणजे काही झालं नाही." आणि रडता रडता हसायला लागले. त्यांनी आतून पाणी आणून दिलं.

प्रवीण सरांना पत्र वाचून दाखवलं. तुमची बोली त्यांना सगळी कळली नाही, पण पिवळ्याचा हिरवा झाला तो भाग त्यांनी परत वाचायला लावला. मग म्हणाले, "पेट्या तिथेच राहू देत. बाकीच्या तीन जीपचे बोर्ड तूच घेऊन जा." बॅटरीच्या कड्यांसाठी चांगल्या जाड पट्ट्याही घेतल्या आहेत. खिळा काढून टाकू.

शनिवारी निघते. रविवारी सावलीला आईकडे थांबेन. ती तुमच्यासाठी सुकी मासोळी बांधून ठेवते आहे, मी पोचायच्या आधीपासूनच. सोमवारच्या बसने एटापल्ली. कोलूला म्हणावं, न्यायला ये, आणि रागवायचं काही उरलं असेल तर रस्त्यातच रागावून घे.

जैनीला एक विचाराल? तिला चालणार असेल तर मला पोरीला थोडा वेळ मांडीवर घ्यायचं आहे. पेटीतल्या बाळाची ऊब मी आजवर फक्त पडद्यावर पाहिली आहे, छत्तीस पॉइंट अमुक, छत्तीस पॉइंट तमुक. ती हाताला कशी लागते, मले माहीतच नाई.

तुमची,
दामिनी